क्लच हवा की नको: फुलेवाडीतल्या एका घराची गाडीखरेदी

कोल्हापुरातल्या फुलेवाडीतलं चार माणसांचं घर. दारात 2012 ची डिझेल हॅचबॅक, क्लच प्लेट दोनदा बदललेली आणि आता टर्बोची शिट्टी वाजायला लागलेली. ती काढून नवीन गाडी घ्यायची, ऑन रोड दहा लाखांच्या आत बसवायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, तेव्हा घरात उत्साहही आला. मग प्रश्न निघाला की गाडी गिअरची घ्यायची की ऑटोमॅटिक. त्यावरून इतकी ताणाताणी झाली की दसऱ्याचा मुहूर्त हुकला.

माझं शहरात ड्रायव्हिंग स्कूल आहे. घरातल्या सूनबाई, म्हणजे आमच्या वहिनी, माझ्याकडंच शिकलेल्या. त्यांचे मिस्टर, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, ओळखीचे. म्हणून पंचायत माझ्यापुढं आली. कुणाचं नाव लिहीत नाही, पण प्रकरण लिहायला त्यांची हरकत नाही. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: लोकांना क्लच जमत नाही म्हणून माझं पोट भरतं. त्यामुळं मी ऑटोमॅटिकची बाजू घेतली तर ती माझ्या धंद्याच्या विरोधात आहे, हे लक्षात घ्यावं.

चालवणार कोण

शोरूममध्ये गेल्यावर सेल्समन पहिला प्रश्न बजेटचा विचारतो. मी विचारतो की आठवड्यात स्टिअरिंगवर कोण किती वेळ बसणार. या घरात त्याचं उत्तर कुणी नीट दिलेलंच नव्हतं.

भाऊंचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. जॉबवर्कसाठी शिरोलीच्या फाउंड्रीत चकरा. पण ते सगळं मोटरसायकलवर. उद्यमनगरच्या गल्लीत चारचाकी लावायची म्हणजे दुसऱ्याच्या टेंपोला वाट सोडण्यातच सकाळ जाते. त्यांच्या हातात गाडी येणार रविवारी, नाहीतर लग्नकार्याला.

वहिनी गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतात. घरापासून एका बाजूनं पंधरा किलोमीटर. जातात स्कूटरवर, हायवेनं. सहापदरीकरणाच्या कामामुळं कधी सर्व्हिस रोड, कधी खडीचं वळण, कधी ट्रकांच्या दोन रांगांमधून. पावसाळ्यात तर बघायला नको. लायसन खिशात आहे, पण घरातली डिझेल त्या नेत नाहीत. कारण विचारलं तर सुरुवातीला म्हणाल्या, सवय नाही. मग खरं निघालं. एकदा उचगावच्या चढावर, मागं उसाच्या ट्रॉल्यांएवढा लांब ट्रेलर उभा असताना, गाडी तीनदा बंद पडली होती. मागून हॉर्न, शेजारी बसलेल्या भाऊंचं "क्लच सोड, हळू सोड, अगं हळू". त्यानंतर चावी घेतली नाही.

आणि आबा. भाऊंचे वडील, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. मुलगा अजून अकरावीत, म्हणून तो यात धरला नाही.

म्हणजे गाडी महिन्याला साधारण आठशे किलोमीटर पळणार, त्यातले सातशेच्या वर वहिनींच्या हातून. आणि घरात गिअरवर सगळ्यात जास्त बोलत होते ते आबा आणि भाऊ. हे मी बोलून दाखवलं तेव्हा भाऊ हसले. आबा हसले नाहीत.

आबांची बाजू

आबांना हट्टी म्हातारा म्हणून बाजूला सारणं सोपं होतं, आणि चूक होतं. त्यांनी करूळ, भुईबावडा, आंबा हे घाट भरल्या बसनं उतरवलेत, तेही डबल क्लच मारून गिअर टाकायच्या जमान्यात. त्यांचे मुद्दे ऐकण्यासारखे होते.

पहिला मुद्दा घाटाचा. "ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतरायचं. ब्रेकावर गाडी सोडली की लायनर तापतंय, मग पाय दाबून काय उपेग?" यात एक अक्षर चूक नाही. गाडी खालच्या गिअरात असली की इंजिनच चाकांना धरून ठेवतं आणि ब्रेकला विश्रांती मिळते. ऑटोमॅटिक गाडी नुसती डीमध्ये, म्हणजे पुढं जायच्या गिअरात, ठेवून उतारावर सोडली की ती रेस नाही असं बघून वरचा गिअर टाकते आणि मोकळी पळायला लागते. गगनबावड्यापुढं या घराची पाहुण्यांकडं वर्षातून दोन-तीनदा फेरी असतेच, त्यामुळं मुद्दा नुसता बोलण्यापुरता नव्हता.

दुसरा, ओव्हरटेकचा. तो पुढं येईलच.

तिसरा, धक्का स्टार्टचा. बॅटरी बसली तर गिअरची गाडी चार पोरं लावून सुरू होते, ऑटोमॅटिक होत नाही. हेही खरं. पण हल्लीच्या गाडीत रस्त्यात अडकलात तर शोरूमची रोडसाइड मदत येते, आणि जंपर केबल डिकीत ठेवायला हजार रुपयेसुद्धा लागत नाहीत. यासाठी रोजचा क्लच सोसायची गरज नाही.

चौथा मुद्दा त्यांनी मांडला नाही, मी पाहिला. आबा सोफ्यावरून उठताना डाव्या हातानं डावा गुडघा धरून उठतात. बसचा क्लच आयुष्यभर दाबलेला पाय तो. डिझेल हॅचबॅकच्या क्लचला नव्या पेट्रोलपेक्षा जास्त जोर लागतो. जोतिबाला जाऊन आले की दुसऱ्या दिवशी शेक घेतात, हे मला वहिनींनी हळूच सांगितलं. त्यांच्या समोर तो विषय कुणी काढत नव्हतं.

ऑटोमॅटिक म्हणजे नेमकं काय

इथं बहुतेक घरांत गोंधळ असतो. "शेजाऱ्यांची ऑटोमॅटिक झटके देते" आणि "आमच्या साहेबांची ऑटोमॅटिक लोण्यासारखी जाते" ही दोन्ही वाक्यं खरी असतात, कारण दोन्ही गाड्यांच्या आतलं यंत्र वेगळं असतं.

दहा लाखांच्या आत आपल्याकडं जास्त करून मिळते ती एएमटी. मारुती तिला एजीएस म्हणते. 2014 च्या सेलेरिओतून ती आपल्याकडं सर्वसामान्य गाडीत आली आणि आता स्विफ्ट, पंच, एक्स्टर, टियागो अशा सगळ्यांत आहे. एएमटीत गिअरबॉक्स तोच, क्लच प्लेट तीच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम पाय-हाताऐवजी एक यंत्रणा करते. क्लीनर ड्रायव्हरच्या शेजारी बसून त्याच्या वाटचा क्लच दाबतोय असं समजा. क्लीनर शिकलेला असला तरी तुमच्या मनातलं त्याला अर्धा क्षण उशिरा कळतं. तो अर्धा क्षण म्हणजेच लोक ज्याला झटका म्हणतात तो. पहिल्यातून दुसऱ्या गिअरात जाताना मान किंचित पुढं येते. रेसवरचा पाय त्या वेळी हलका केला तर झटका निम्म्यानं कमी होतो. हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही, आणि लोक गाडीलाच नावं ठेवतात.

दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात क्लच प्लेटऐवजी तेलातून फिरणारी पाती असतात. चढावर थांबून निघताना ती फार गुळगुळीत काम करते, पण गाडीची किंमत लाख-सव्वा लाखानं वर जाते. सीव्हीटीत गिअरच नसतात, दोन पुल्यांमध्ये पट्टा फिरतो. शहरात छान, पण जोरात रेस दिली की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागून येते. ड्युअल क्लच पटापट गिअर बदलते, चालवायला मजा येते, पण या घराला तिची गरज नव्हती. तिच्यावर वेळ घालवला नाही.

एएमटीतल्या दोन गोष्टी मात्र वहिनींना आधीच समजावल्या. एक, बहुतेक एएमटीत पी, म्हणजे पार्किंगचा गिअर, नसतो. आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी आणि एम (हातानं गिअर बदलायचा), बस्स. गाडी लावताना गिअरात ठेवून इंजिन बंद करायचं आणि हँडब्रेक ओढायचा. एनमध्ये ठेवून गेलात आणि हँडब्रेक ढिला असला तर गाडी उतारावर निघून जाईल. दोन, चढावर थांबलात तर ब्रेकवर थांबायचं, रेसवर तोलून धरायचं नाही. आत क्लच प्लेटच आहे, ती तिथं जळते. स्कूटरवाल्या लोकांना ही रेसवर तोलायची सवय असते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणखी एक शंका त्यांनीच काढली: "लायसन गिअरच्या गाडीवर काढलंय, मग ही चालेल ना?" चालते. चारचाकीच्या आपल्या लायसनमध्ये गिअरची आणि बिनगिअरची असा फरक नाही. तो फरक दुचाकीला आहे.

भाऊंचा हिशेब

भाऊ लेथवाले. शंभर मायक्रॉनचा फरक मोजणारा माणूस पन्नास हजारांचा फरक सोडत नाही. त्यांच्या वहीत तीन रकाने होते: मॅन्युअल, म्हणजे गिअरची, पेट्रोल, एएमटी पेट्रोल आणि मॅन्युअल सीएनजी.

एएमटीला मॅन्युअलपेक्षा साधारण पन्नास हजार जास्त. त्यावर रोड टॅक्स, महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के, म्हणजे आणखी साडेपाच हजार, आणि विम्यात थोडी वाढ. पेट्रोलचा खर्च सारखाच धरला. स्विफ्टचे कंपनीचे आकडे बघितले तर मॅन्युअलचं अ‍ॅव्हरेज 24.80 आणि एएमटीचं 25.75. रस्त्यावर दोन्ही एवढं देत नाहीत, पण ऑटोमॅटिक जास्त पेट्रोल खाते ही भीती एएमटीबाबत खरी नाही. ती भीती जुन्या टॉर्क कन्व्हर्टरच्या काळातली.

खरी स्पर्धा सीएनजीची होती. हिशेबासाठी पेट्रोल 105 रुपये, सीएनजी 90 रुपये धरली. आठशे किलोमीटर, पेट्रोलचं अ‍ॅव्हरेज अठरा, सीएनजीचं किलोला पंचवीस. पेट्रोलला महिन्याला 4,700 च्या आसपास, सीएनजीला 2,900. वर्षाला एकवीस-बावीस हजारांचा फरक. पण सीएनजी गाडी पेट्रोल मॅन्युअलपेक्षा नव्वद हजारांच्या आसपास महाग. ते वसूल व्हायला चार वर्षं. भाऊंना चार वर्षं थांबायला काही वाटत नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, "अहो, ती गाडी मी नेणार नाही, मग आठशे किलोमीटर कुणी चालवायचे?"

त्या वाक्यानं तिसरा रकाना रद्द झाला. गाडी दारात उभी राहिली आणि स्कूटरच हायवेला गेली, तर सीएनजीची बचत वहीतच राहणार होती. सीएनजी आणि एएमटी एकत्रही मिळते, टाटांनी फेब्रुवारी 2024 मध्ये टियागो आणि टिगोरला ती दिली. पण दोन्ही जादा किमती मिळून गाडी बजेटच्या बाहेर जायला लागली, आणि सकाळी साडेआठला पंपावरच्या रांगेत थांबायची वहिनींची तयारी नव्हती. महिन्याचं रनिंग दोन हजारांवर असतं तर मी त्याच पर्यायावर जोर दिला असता.

पन्हाळ्याचा रविवार

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे हायवेच्या सपाट सर्व्हिस रोडवर जायचं, यू टर्न घ्यायचा आणि एसी किती गार आहे ते बघायचं. त्यातून काही कळत नाही. सेल्समनला मी पन्हाळ्याचं विचारलं तर तो म्हणाला, "सर, तेवढं अलाऊड नाही." मग आम्ही बघत होतो त्याच मॉडेलची भाऊंच्या मेहुण्यांची एएमटी रविवारी दुपारी मागून आणली.

गाडीत चौघं. वहिनी चालवायला, मी शेजारी, आबा आणि भाऊ मागं. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडून पुढं, मग वाघबीळचा चढ. वहिनींना पहिले दोन-तीन किलोमीटर डाव्या पायाचं काय करायचं ते कळेना. मी तो पाय सीटकडं ओढून ठेवायला सांगितला. वाघबीळला चढावर गाडी कधी दुसऱ्या, कधी तिसऱ्या गिअरात घुटमळायला लागली. वळणावर तिसऱ्यात जायची आणि लगेच ओझं वाटून परत दुसऱ्यात यायची. हे एएमटीचं वाईट अंग. गिअर लिव्हर एमकडं घेऊन दुसरा धरून ठेवला की घुटमळणं थांबलं.

पन्हाळ्याच्या नाक्याजवळ रविवारची रांग. चढावर थांबायचं, दहा फूट जायचं, परत थांबायचं. ज्या जागी वहिनींची डिझेल तीनदा बंद पडली होती, तसाच प्रकार. हिल होल्ड असल्यामुळं ब्रेकवरून रेसवर पाय नेईपर्यंत गाडी धरून राहिली. मागं आली नाही, बंद पडली नाही. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या गाडीला आता हात-दीड हात अंतर ठेवून निवांत उभ्या राहायला लागल्या. आधी त्या पंधरा फूट सोडून उभ्या होत्या.

उतरताना आबांनी जागा मागितली. मी मागं बसलो, ते स्टिअरिंगवर. मी फक्त एवढंच सांगितलं की लिव्हर एमकडं घ्या, मागं-पुढं केलं की गिअर कमी-जास्त होतोय. त्यांनी दुसरा टाकला, रेस सोडली आणि काच खाली करून इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. गाडी दुसऱ्यातच राहिली. ब्रेकला पाय लागला तो फक्त वळणांवर. दोन वळणं गेल्यावर म्हणाले, "धरतंय की." मग थोड्या वेळानं, "पण दुसरा टाकलाय हे ह्या बाईला माहीत पाहिजे. डीत सोडून उतरली तर ब्रेक तापणारच."

घाटाचा मुद्दा तिथं मिटला, आणि मिटला तो आबांच्याच अटीवर. एममध्ये एक गोष्ट गिअरच्या गाडीहून वेगळी असते, ती त्यांनी स्वतःच हेरली. आरपीएम फारच खाली गेलं तर गाडी आपणहून खालचा गिअर घेते, बंद पडत नाही. "म्हणजे चूक करू देत नाही म्हणायची," असं त्यांनी म्हटलं. कौतुकानं की तक्रारीनं ते मला कळलं नाही.

रॅम्प

सगळं जमलं असं वाटत असताना गाडी फुलेवाडीतल्या दारात आली, आणि खरी अडचण तिथं निघाली.

घराचं पोर्च रस्त्यापासून दीड फूट उंच. गटारीवरून आत चढायला सिमेंटचा रॅम्प, लांबी जेमतेम पाच फूट. समोर बोळ अरुंद, सकाळी शाळेच्या व्हॅन उभ्या, म्हणून हे लोक गाडी रिव्हर्समध्ये आत घालतात, म्हणजे सकाळी सरळ बाहेर पडता येतं. वहिनींनी आर टाकला, ब्रेक सोडला. गाडी चाकं रॅम्पला लागेपर्यंत गेली आणि थांबली. रेस दिली. थोडी चढली, मग खाली आली. पुन्हा रेस, या वेळी जास्त, आणि गाडी एकदम उसळून पोर्चच्या खांबाकडं निघाली. वहिनींनी ब्रेक मारला. खांब वाचला, पण पोर्चमध्ये जळक्या क्लचचा वास पसरला.

असं का झालं ते सांगतो. गिअरच्या गाडीत अशा जागी आपण हाफ क्लचवर गाडी तोलतो, हँडब्रेकची मदत घेतो आणि बोटभर बोटभर चढवतो. एएमटीत हाफ क्लच किती धरायचा ते गाडी ठरवते, आणि इतक्या खड्या चढावर, इतक्या कमी वेगात तिला ते जमत नाही. आधी कमी, मग एकदम जास्त. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी इथं सहज चढली असती. एक सीव्हीटी सेडान आम्ही पाहूनही आलो होतो, पण बघितलेलं व्हेरियंट ऑन रोड दहा लाख ओलांडत होतं.

आबा म्हणाले, "बघ. आता?"

रात्री जेवण झाल्यावर भाऊ टेप घेऊन रॅम्पवर बसले. दीड फुटाला पाच फूट, म्हणजे शंभराला तीस. एवढा चढ घाटात कुठं नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलं. बाहेर बोळात रॅम्प वाढवायचा नव्हता, तिथं महापालिकेची गटार आहे आणि शेजाऱ्यांशी वाद नको. पण पोर्च आत सोळा फूट आहे. आतली सहा फूट शहाबादी फरशी उखडून तेवढा भाग उतरता केला, तर उतार पाच फुटांऐवजी अकरा फुटांवर पसरतो. मग चढ शंभराला चौदाच्याही खाली येतो. सरकत्या गेटची पट्टी खाली घ्यावी लागली, एक शिडी हलवावी लागली, तुळशीचं वृंदावन बाजूला घेतलं. सगळं मिळून वीस हजारांच्या आत बसलं.

गाडीच्या व्हेरियंटवर लाख रुपये वाढवण्यापेक्षा दारातला चढ कमी करावा, हे मला सुचलं नव्हतं. गाडी विकत घेणारे लोक गाडीच बदलून बघतात, दारातलं कुणी हलवत नाही. भाऊंचा धंदाच असा की मशीनला जॉब बसत नसेल तर आधी फिक्स्चर, म्हणजे जॉब धरून ठेवणारा साचा, बदलायचं.

रॅम्प वाळल्यावर मेहुण्यांची गाडी पुन्हा आणली. रिव्हर्स टाकला, हलकी रेस, चढली. वास नाही.

ठरलं ते

एएमटी पेट्रोल. दिवाळीच्या पाडव्याला गाडी दारात आली. मॅन्युअलच्या बाजूनं शेवटपर्यंत एकच भक्कम मुद्दा उरला होता, तो पैशाचा, आणि घरातल्या तिघांनी मिळून तो मागं ठेवला. मला विचाराल तर हे घर सोडून दुसरं घर असतं, रोज गाडी भाऊच चालवणार असते आणि आबांचा गुडघा ठणठणीत असता, तर मी मॅन्युअल सीएनजी सांगितली असती.

गाडी आल्यावर मी वहिनींपेक्षा आबांच्या सोबत जास्त वेळ घालवला. कारण एएमटीवर नवख्यापेक्षा मुरलेला ड्रायव्हर जास्त धोक्यात असतो. शेंडा पार्कच्या मोकळ्या रस्त्यावर पहिल्याच थांब्याला त्यांनी सवयीनं डावा पाय क्लच समजून दाबला. तिथं क्लच नव्हता, रुंद ब्रेक होता. बसच्या क्लचला लागेल तेवढ्या जोरानं पडला. आम्ही दोघं पुढं आपटलो, बेल्ट होता म्हणून बरं. मागं गाडी असती तर ती आमच्या डिकीत आली असती. नंतर त्यांनी स्वतःच डाव्या पायातली चप्पल काढून सीटखाली सारली आणि पाय दुमडून घेतला. आता ते जोतिबाला जातात ते असंच, एक चप्पल घालून.

वहिनी तिसऱ्या आठवड्यापासून एकट्या गोकुळ शिरगावला जायला लागल्या. उसाचा हंगाम सुरू झाल्यावर आबांचा दुसरा मुद्दा पुढं आला. रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं लाल रिफ्लेक्टर असला तर नशीब. ट्रॅक्टरच्या मागं वेग तीसवर येतो, गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरात आळसावते. बाजूनं जायला एकदम रेस दाबली की एएमटी आधी विचार करते, मग गिअर कमी करते, मग ओढते. मोकळ्या रस्त्यावर तो क्षण काहीच नाही, समोरून एसटी येत असताना तो फार मोठा असतो. वहिनींनी हे एकदा माझ्यासमोर अनुभवलं आणि त्या परत ट्रॅक्टरच्या मागं आल्या, ते बरं केलं. आता त्यांना सांगितलंय की ओव्हरटेक करायचा ठरवलात की आधी एममध्ये घ्या, खालचा गिअर टाका, इंजिनाचा आवाज वाढलेला ऐका, आणि मगच आरसा बघून बाहेर निघा. आणि दोन ट्रॉल्यांची लांबी नजरेत मावत नसेल तर मागंच राहा, ट्रॅक्टर पुढच्या फाट्याला कारखान्याकडं वळतोच.

पावसाळ्यासाठी वेगळं काही सांगितलं नाही. 2019 ला आणि 2021 ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक दोन्ही सारख्याच थांबल्या होत्या. पाण्यात गाडी घालायची नाही, गिअर कुठलाही असो.

मुलगा पुढच्या वर्षी अठराचा होईल. आबांचं म्हणणं, त्याला गिअरच्या गाडीवरच शिकवायचा. यावर मात्र माझं आणि त्यांचं एकमत आहे. हाफ क्लच एकदा पायात बसला की तो कुठल्याही गाडीवर जाऊ शकतो, ऑटोमॅटिकवरून उलटं येणं अवघड. तो माझ्या स्कूलच्या गाडीवर शिकेल.

भाऊंना एका गोष्टीसाठी मी सोडलं नाही. एएमटीची क्लच प्लेट गेली तर ती इतर गाडीसारखीच बदलता येते, पण क्लच आणि गिअर हलवणारी यंत्रणा वॉरंटी संपल्यावर बिघडली तर बिल पाच आकडी येतं. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या म्हणून मी सांगितलं. भाऊंनी शोरूममध्ये दोन वेळा जाऊन घासाघीस केली, फ्लोअर मॅट फुकट पाडून घेतले आणि मग घेतली.